बाकांची टंचाई नाही

आमच्या कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत माणसांपेक्षा बाकं जास्त आहेत. निधी आला की बाक येतो. पाठ टेकायची तिथे 'यांच्या संकल्पनेतून' असं लिहून खाली ठळक नाव. बाक ही संकल्पना कुणाला तरी सुचावी लागते, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. रंग ओला असताना बसलेल्या एका काकांच्या सदऱ्यावर ते नाव उलटं उमटलं. प्रचार म्हणून वाईट नाही.

खासदारांचा स्थानिक विकास निधी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाला. पहिल्या वर्षी प्रत्येकी पाच लाख; २०११-१२ पासून वर्षाला पाच कोटी. रक्कम शंभरपट झाली, बाकाची रुंदी तेवढीच राहिली. त्या योजनेच्या नियमांत कामाच्या जागी खासदारांच्या नावाची कायमस्वरूपी पाटी लावायला सांगितलं आहे, आणि पुढची देखभाल मात्र वापरणाऱ्या यंत्रणेकडे दिली आहे. आमदार, नगरसेवक यांचे निधी वेगळे, पण पाट्यांच्या बाबतीत कुणी कुणाला हार जात नाही.

सगळी बाकं उन्हात आहेत. झाड लावायला कुणाची ना नाही. पण झाडाला सावली धरायला दहा वर्षं लागतात आणि निवडणूक पाचव्या वर्षी येते.

खुली व्यायामशाळासुद्धा आली. उद्घाटनाला मान्यवरांनी एकेक झोका घेतला, फोटो निघाले. पुढे पाय हलवायच्या यंत्राचा एक पाय गेला. खांदे फिरवायचं चाक गंजून घट्ट बसलं, त्याला भाजीवाल्या मावशी पिशव्या अडकवतात. रोज वापरात असलेलं तेवढं एकच यंत्र.

मार्चमध्ये पेव्हर ब्लॉक बदलतात. आधीच्या मार्चमध्ये बसवलेले चांगले होते, पण ३१ तारखेच्या आत पैसे खर्ची पडायला हवेत, त्याला ब्लॉक काय करणार? उचकटलेले ब्लॉक तिथेच रचून ठेवतात. मुलांना क्रिकेटचे स्टंप मिळतात, एवढाच काय तो सामुदायिक लाभ.

पुण्यात २००६ पासून नागरिकांनी आपल्या भागातली छोटी कामं सुचवायची आणि ती महापालिकेच्या अंदाजपत्रकात धरायची, अशी पद्धत आहे. आमचं गाव एवढं पुढारलेलं नाही, म्हणून मी साधा अर्ज केला. मागणी एकच: पाणपोईच्या नळाची तोटी चोरीला गेल्यामुळे मागचा कॉक बंद केला आहे, तरी तोटी बसवावी. तोटीची किंमतही लिहिली होती. तो बहुधा माझा उतावळेपणा, कारण एवढी लहान रक्कम वाचून कारकुनांनी माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं.

उत्तर रीतसर आलं. दुरुस्तीसाठी लेखाशीर्ष उपलब्ध नाही; नवीन पाणपोईचा प्रस्ताव दिल्यास विचार करता येईल. प्रस्ताव दिला. या कार्यालयात एखादी गोष्ट इतक्या लवकर होते हे सांगूनही कुणाला पटत नाही, पण मंजुरी आली. जुन्या पाणपोईला लागूनच मांडव पडला, सत्कार झाले, फेट्यांना कमी पडलं नाही, कुदळ मारून झाली. पूजेला पाणी तेवढं समोरच्या चहावाल्याकडून मागून आणलं.