जेलवाल्या वहिनी

खानदेशाच्या उन्हाने घडवलेल्या सामाजिक प्रकारांत जळगाव-धुळ्याच्या जेलवाल्या वहिनी तुलनेने अलीकडच्या असल्या, तरी पापड-कुरडयांच्या वार्षिक मोहिमा चालवणाऱ्या पिढीच्या त्या थेट वारसदार होत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की त्वचेतील तैलग्रंथींचा स्राव, म्हणजे सीबम, पातळ होऊन चेहराभर पसरतो. त्याचे खापर शेवभाजीच्या तर्रीवर फोडण्याचा रिवाज घरोघर असला, तरी वहिनींचा विश्वास तर्रीवर नव्हे, टक्केवारीवर असतो.

या तेलकटपणावर त्या घरीच चेहऱ्याला लावायचे जेल बनवतात. शंभर ग्रॅम जेलसाठी ९१ ग्रॅम ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे वाफ करून पुन्हा थंडावलेले क्षारहीन पाणी. ४ ग्रॅम नायसिनामाइड, म्हणजे तेलकटपणा आटोक्यात ठेवण्यास मदत करणारे ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप. ३ ग्रॅम ग्लिसरीन. दाटपणासाठी १ ग्रॅम झँथन गम. आणि जंतूंची वाढ रोखणारे फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक १ ग्रॅम, असे प्रमाण त्यांना तोंडपाठ असते. वजनासाठी सोन्याच्या बाजारपेठेला शोभेल असा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा असतो, आणि झँथन गम थेट पाण्यात पडल्यास पिठल्यातल्या बेसनासारख्या गुठळ्या होतात, म्हणून तो आधी ग्लिसरीनमध्ये कालवण्याची त्यांची शिस्त औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याने वहीत उतरवून घ्यावी अशी असते.

इथवर शास्त्र झाले; यापुढे वहिनी सुरू होतात. सासूबाईंनी ओट्याजवळ येऊन ‘यामा केमिकल काय टाकस व माय?’ एवढे विचारले की पुढच्या घाण्यातून नेमके परिरक्षकच गळते आणि त्याच्या जागी गच्चीवरच्या कुंडीतली कोरफड येते. पान कापल्यावर निथळणारा पिवळा, खाज आणणारा चीक वहिनी नीट काढून टाकतात, हे मान्य करावे लागेल. मात्र त्या गरात सुमारे ९९ टक्के पाणीच असते आणि जंतूंना याहून चांगला पाहुणचार मिळणे कठीण, ही बाब त्या काट्यावर दिसत नाही. मग येते लिंबू, आणि तेही अंदाजाने. सामू म्हणजे आम्लता मोजण्याची पट्टी. त्वचेचा सामू साधारण ४.५ ते ५.५, तर लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास, आणि तो रस लावून खानदेशी उन्हात हिंडल्यास चेहऱ्यावर डाग पडू शकतात. वहिनी मुलाच्या शाळेतला लिटमस कागद बुडवतात, तो तांबडा होतो आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे जाहीर होते; लिटमस आम्ल आहे एवढेच सांगतो, किती आहे ते सांगत नाही, हा मुद्दा मांडण्याचे धैर्य घरात कोणाकडे नसते.

तयार बाटल्या नात्याच्या क्रमाने वाटल्या जातात. धुळ्याच्या नणंदेचा वाटा भर दुपारच्या एस.टी.ने निघतो आणि एरंडोल-पारोळा करत पोहोचेपर्यंत इतका तापतो, की पुढचे वर्णन शिष्टाचारास धरून होणार नाही. नणंद फोनवर ‘मस्त आहे हो वहिनी’ म्हणते आणि मुलतानी माती लावते.

विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने बनवायची तर २०२० च्या नियमांनुसार परवाना लागतो. वहिनी मात्र पैसा घेत नाहीत, त्यामुळे फुकटच्या बाटलीविरुद्ध दाद कुठे मागावी हा प्रश्न उरतोच. ती हाती आल्यास जेल आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून दोन दिवस वाट पाहावी, आणि त्यात कोरफड असल्याचे कळल्यास नणंदेप्रमाणे वागावे.