शून्य एरर, दोन वॉर्निंग

मौद्यात कोणाला ‘तुझं चुकलं’ असं म्हणून पाहा. समोरचा चूक नंतर बघतो, आधी विचारतो, “कोण म्हणते?” सांगणारा वयाने, मानाने किंवा जमिनीने मोठा असेल तर ठीक, नाही तर “तू राहू दे बे” म्हणून विषय मिटतो. अशा गावात मी सी भाषेचा क्लास चालवतो. इथे चूक सांगण्याचं काम कंपायलरकडे, म्हणजे आपला प्रोग्रॅम वाचून मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, आणि त्याला ना वय, ना मान, ना कन्हानकाठी एकरभर धान.

“सर, हा काऊन एरर देऊन राह्यला?”

“काय म्हणतो?”

“अठरा म्हणते.”

“अठरा काय?”

“एरर.”

“वाचलेस का?”

“वाचाचं काय त्याच्यात? अठरा हायत ना.”

एरर वाचायची नसते, मोजायची असते, हे पोट्ट्यांनी आपसांत ठरवून टाकलंय. गंमत अशी की अठरामधली खरी चूक बहुतेक एकच असते, आणि तीही दाखवली तिथे नसते. सहाव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला, हे कंपायलरला तिथल्या तिथे कळायला मार्ग नाही, कारण सीमधलं वाक्य पुढच्या ओळीत खुशाल चालू राहू शकतं. सातवी ओळ वाचायला घेतली की त्याच्या लक्षात येतं, हे काही जुळत नाही. मग आमचा जुना निळ्या पडद्याचा कंपायलर टर्बो सी सातव्या ओळीवर बोट ठेवतो. पोट्टा सातवी ओळ तपासतो. ती निर्दोष असते. मग तो सातवी ओळ दुरुस्त करतो.

एक चूक सापडल्यावर कंपायलरने तिथेच गप्प का बसू नये? याचं कारण जुनं आहे. पूर्वी प्रोग्रॅम छिद्रं पाडलेल्या कार्डांवर असे. गठ्ठा खिडकीत द्यायचा, निकाल काही तासांनी नाही तर दुसऱ्या दिवशी. एका खेपेला एकच चूक कळली असती तर डिग्री हातात पडेपर्यंत लग्नाचं वय उलटलं असतं. म्हणून एका दमात जेवढ्या सांगता येतील तेवढ्या चुका सांगायची रीत पडली. त्यासाठी कंपायलर अडला की पुढचा मजकूर टाकत टाकत एखाद्या अर्धविरामापर्यंत किंवा कंसापर्यंत जातो आणि तिथून नव्याने वाचू लागतो. या पद्धतीचं नाव पाठ्यपुस्तकातसुद्धा ‘पॅनिक मोड’ असंच छापलेलं आहे. टाकलेल्या मजकुरात एखाद्या व्हेरिएबलची घोषणा गेली, की पुढे जिथे जिथे त्याचं नाव येईल तिथे तिथे नवी तक्रार. लग्नात रुसलेला जवाई आठवा. दारात ‘या’ म्हणायला कोणी आलं नाही, एवढंच मूळ दुखणं. पण त्यानंतर वरण पातळ, बँड बेसूर आणि पंगतीतली जागासुद्धा पंख्याखालची नाही. पहिल्या तक्रारीची समजूत काढा, बाकी सतरा आपोआप मिटतात. पोट्टे मात्र शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतात, कारण पडद्यावर तीच दिसत असते.

चुका शोधण्याचा शौक तसा आमच्या नागपूर जिल्ह्याला जुना. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ देशभरच्या पोरांनी घोकलंय. त्यातल्या अभ्यासात प्रोग्रॅमचे तुकडे देऊन, चूक असल्यास दाखवा, असं विचारलेलं असतं. विचारलंय म्हणजे असणारच, या हिशोबाने आमचे पोट्टे धडधाकट प्रोग्रॅममधूनही दोन-दोन चुका काढून आणतात. स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये मात्र कंपायलरने अठरा दाखवल्या तरी “मशीनच खराब हाय” यावर एकमत.

काहींच्या मते दोष कंपायलरच्या बोलण्यात आहे. त्याने जरा गोड बोलावं. प्रयत्न झालेले आहेत. एल्म नावाच्या भाषेच्या कंपायलरने २०१५पासून असं बोलणं सुरू केलं की, हे नाव मला सापडत नाही, तुम्हाला यांपैकी एखादं म्हणायचंय का? एररची वाक्यंही शेवटी माणूसच लिहून ठेवतो, त्याने ती माणसासारखी लिहिली एवढंच. पण त्याआधी, १९७२ साली, प्रिन्स्टनच्या डॉन वूड्स आणि जेम्स लायन या दोन विद्यार्थ्यांनी इंटरकॅल नावाची थट्टेची भाषा काढली होती. तिच्या कंपायलरला प्रोग्रॅममध्ये ‘प्लीज’ लागतं. कमी पडलं तर तुम्ही उद्धट म्हणून प्रोग्रॅम परत, जास्त झालं तर तुम्ही लाळघोटे म्हणून परत. आमच्याकडे ‘हो जी, आलो जी’ म्हणणाऱ्यांना ही भाषा पहिल्या दिवशी जमेल आणि दुसऱ्या कलमाखाली नापास करेल.

एररचं एक बरं असतं, ती अडवते. वॉर्निंग अडवत नाही, आणि तिथेच तिची किंमत जाते. एका पोट्ट्याचे वडील धान विकून परतताना क्लासात डोकावले.

“काय म्हणते आमचा?”

“दादाजी, एरर नाही. दोन वॉर्निंग आहेत.”

“वार्निंग म्हंजे पास का नापास?”

“पासच. पण...”

“मंग झालं तं!”

आता या ‘पण’मध्ये काय काय असतं ते दादाजींना कसं सांगू? टर्बो सीच्या वॉर्निंगा पाहा. ‘सस्पिशस पॉइंटर कन्व्हर्जन’, हा सूर ठाण्यातल्या जमादाराचा. ‘कोड हॅज नो इफेक्ट’, म्हणजे लिहिलंय पण उपयोग शून्य. एवढं परखड मत मी कुठल्या ठरावाबद्दल कुठल्या सभेत ऐकलेलं नाही. आणि वॉर्निंग पाहिलीच नाही तर काय होतं, तेही पाहा. २०१४च्या फेब्रुवारीत ॲपलला घाईघाईने आयफोनची दुरुस्ती पाठवावी लागली. सुरक्षा तपासणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा पडली होती. दुसरी ओळ कसलीही अट न पाहता उडी मारे, त्यामुळे खालची खरी तपासणी कधी व्हायचीच नाही. ‘या ओळीपर्यंत कोणी पोचत नाही’ अशी वॉर्निंग क्लँग कंपायलरकडे तेव्हा होती. मात्र ती वेगळी मागावी लागे. कंपायलरला ‘डब्ल्यू-ऑल’ हा पर्याय दिला की सगळ्या वॉर्निंगा मिळतात असं नावावरून वाटतं, मिळत नाहीत. त्यावर ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ घ्यावं लागतं, आणि तरी काही उरतातच. एवढी रीतसर फसवणूक मी फक्त लग्नपत्रिकेवरच्या मुहूर्तात पाहिली आहे.

मी एकदा क्लासात टर्बो सीऐवजी क्लँग घेऊन ‘डब्ल्यू-एरर’ लावला, म्हणजे वॉर्निंग आली तरी प्रोग्रॅम अडणार. दुपारपर्यंत अख्ख्या वर्गाचा एकही प्रोग्रॅम चालला नाही. शेवटी मागच्या बाकावरून शोध लागला की मोठा डब्ल्यू वॉर्निंग मागवतो आणि छोटा डब्ल्यू, नुसता एकटा लावला, तर सगळ्या बंद करतो. वर्षभरात शिकवलेलं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. हे अर्ध्या तासात सगळ्यांना पाठ.

छोटा डब्ल्यू चालणार नाही, असं मी फळ्यावर लिहिलं. तरी संध्याकाळी एक पोट्टी हसत आली.

“सर, शून्य एरर, शून्य वॉर्निंग.”

मी प्रोग्रॅम उघडला. मेनमध्ये ‘रिटर्न झिरो’ एवढी एक ओळ होती. बाकी ऐंशीच्या वर ओळी तिने सुरुवातीला आणि शेवटी खुणा करून कॉमेंटमध्ये, म्हणजे कंपायलर वगळतो त्या मजकुरात, घातल्या होत्या.

“अगं, पण हा काहीच करत नाही.”

“हो जी. पण काही म्हणत पण नाही ना!”