दूरचित्रवाणीचे दप्तरदार

ज्या घरात दूरचित्रवाणीचा संच भिंतीवर टांगलेला असतो, परंतु तो पाहावयास मिळणे न मिळणे हे त्याच्याखाली घोंघावणाऱ्या एका काळ्या पेटीच्या मर्जीवर अवलंबून असते, त्या घरात एक दप्तरदार राहतात असे खुशाल समजावे. हा गृहस्थ सामान्यतः पन्नाशी उलटलेला, एखाद्या कारखान्याच्या भांडारविभागातून अथवा बँकेच्या हिशेबतपासणी खात्यातून निवृत्त झालेला किंवा होऊ घातलेला, वाणीने सौम्य, आहाराने मित, आणि विजेच्या बिलांच्या पावत्या सालवार लावून ठेवण्याच्या बाबतीत मात्र अत्यंत कर्मठ असा असतो. दूरचित्रवाणीवर त्याचे प्रेम असते असे म्हणणे धाडसाचे होईल. त्याला तिचा बंदोबस्त करावयाचा असतो.

आमच्या इमारतीतील दप्तरदार, ज्यांच्या खऱ्या आडनावाचा उपयोग आता टपालवाल्याखेरीज कोणी करीत नाही, ते या वर्गाचे नमुनेदार प्रतिनिधी होत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे सिंहगडावरील मनोऱ्याच्या कृपेने त्याची कृष्णधवल चित्रे पुण्यात उतरू लागली, तेव्हा ती शेजाऱ्यांच्या ओसरीवर चपला बाहेर काढून आणि मांडी आखडून पाहणाऱ्या पिढीत ते वाढले. आणि त्या पिढीला जे चुकले ते चुकले, हे जन्ममरणाइतकेच मान्य होते. दप्तरदारांना मात्र ते कधीच मान्य झाले नाही. १९८७-८८ मध्ये रविवारच्या सकाळी 'रामायण' मालिका लागत असे आणि रस्ते ओस पडत, त्या दिवसांतल्या एका रविवारी मारुतीच्या शेपटीला चिंध्या गुंडाळून झाल्या, तेल ओतून झाले, राक्षसाने पलिता पुढे केला, आणि नेमक्या त्या क्षणी आमच्या भागातली वीज गेली. ती परत आली तेव्हा पडद्यावर साबणाची जाहिरात होती. लंका जळाली हे त्यांना अर्थातच ठाऊक होते. पण ती आपल्या डोळ्यांदेखत जळाली नाही, ही त्यांची तक्रार पुढे तीस वर्षे निकालात निघाली नाही.

या तक्रारीची दाद त्यांनी स्वतःच लावून घेण्याचे ठरविले ते २००५ च्या सुमारास. बुधवारातल्या तपकीर गल्लीत चार शनिवार घालवून त्यांनी एक टीव्ही ट्यूनर कार्ड, एक मदरबोर्ड, १६० गिगाबाइटची हार्ड डिस्क आणि गाण्याच्या डेकप्रमाणे आडवे ठेवता येणारे एक कॅबिनेट अशी सामग्री गोळा केली व तिच्या पावत्या एका स्वतंत्र पाकिटात घातल्या. योजना अशी की, केबलवाल्याच्या तारेतून येणारे ६२५ रेषांचे आणि सेकंदास २५ चौकटींचे चित्र कार्डाने पकडावे, कार्डावरल्याच एका चिपने ते आवळून डिस्कवर लिहावे, आणि घरच्या माणसांनी ते आपल्या सवडीने, थांबवीत, मागेपुढे नेत पाहावे. असे चित्र तासाला सुमारे दोन गिगाबाइट जागा खाते. म्हणजे त्या डिस्कवर अदमासे ऐंशी तासांची वहिवाट बसत होती, आणि दप्तरदारांनी पहिल्याच आठवड्यात तिची वाटणी करून मालिकांना अमुक, नाट्यसंगीताला तमुक, क्रिकेटला इतके, असे तास मुक्रर केले.

पेटीचा कारभार पाहण्यास त्यांनी 'मिथटीव्ही' नेमले. आयझॅक रिचर्ड्स नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने केबल कंपनीच्या डब्याला कंटाळून २००२ मध्ये आरंभिलेली ही लिनक्सवरची व्यवस्था खरोखर मोठी कर्तबगार. पुढील दोन आठवड्यांची कार्यक्रमपत्रिका तिच्या हाती दिली की कोणता कार्यक्रम टिपायचा, दोन कार्यक्रम एकाच वेळी आले तर कोणाला अग्रहक्क द्यायचा, जागा संपली तर कोणत्या जुन्या मुद्रणाची गच्छंती करायची, हे सारे ती आपण होऊन ठरविते. अडचण एवढीच होती की अमेरिकेत ही पत्रिका यंत्राला आयती मिळे, आणि मराठी वाहिन्यांची तशी पत्रिका दप्तरदारांना कोठेही मिळेना. तेव्हा रोज रात्री जेवणानंतर ते वर्तमानपत्रातील कार्यक्रमांचे सदर समोर घेऊन बसत आणि एकेक ओळ टंकित करीत. ज्या वेळी मालिका लागत, नेमक्या त्याच वेळी ते उद्याच्या मालिकांची नोंद करीत असल्यामुळे आजची मालिका पाहणे त्यांना शक्य होत नसे. परंतु ती टिपली जात असल्यामुळे त्याचे त्यांना काहीच वाटत नसे.

जाहिराती गाळण्याचा प्रकार तर पाहण्यासारखा होता. यंत्राला जाहिरात कळते ती काही अर्थावरून नव्हे; पडदा क्षणभर काळा होणे, कोपऱ्यातील वाहिनीचे चिन्ह नाहीसे होणे, दृश्ये झपाट्याने बदलणे, अशा लक्षणांवरून ते निदान करते. आता आपल्या मालिकांची रीत अशी की, सासूने एखादे रहस्य उच्चारले की ढोलाचे तीन ठोके पडतात आणि प्रत्येक ठोक्यास घरातल्या प्रत्येक माणसाचा चेहरा तीन वेगवेगळ्या अंगांनी दाखविला जातो. दृश्यांचा हा भडिमार पाहून यंत्राने त्यास जाहिरात ठरविले व निःपक्षपातीपणे कापून काढले. उलट प्रेशर कुकरची एक संथ, कौटुंबिक जिव्हाळ्याची जाहिरात मालिकेचा भाग म्हणून सन्मानाने राखली. परिणामी वहिनींना कोणाचे लग्न मोडले, का मोडले आणि कोणामुळे मोडले, यांपैकी काहीच न कळता कुकर तेवढा पाठ झाला. माझ्या मते यंत्राच्या अभिरुचीत फारसे वावगे नव्हते; पण ते मत मी तेथे उघड केले नाही.

याच सुमारास त्या दिवाणखान्यात तीन रिमोट आणि एक बिनतारी कळफलक नांदू लागले, आणि त्यांच्या वापराचे एक सूचनापत्रक दप्तरदारांनी प्लास्टिकमध्ये मढवून भिंतीवर लावले. त्यातील कलम पहिले: 'प्रथम मोठा रिमोट घेऊन संच दुसऱ्या इनपुटावर न्यावा.' कलम चौथे: 'चित्र न दिसल्यास कलम पहिले पुन्हा वाचावे.' वहिनी शिक्षिका होत्या, तेव्हा वाचनाचा त्यांना कंटाळा नव्हता, तरी एका संध्याकाळी सातच्या ठोक्याला त्यांनी हाक मारली, "अहो, मला फक्त बातम्या बघायच्यात. कुठलं बटण दाबू?" यावर दप्तरदारांनी, "अगं, तू आत्ता बघूच नकोस, मी टिपून ठेवतोय," असे उत्तर दिले, आणि त्या महिन्याच्या अखेरीस स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी चौदा इंचांचा एक स्वतंत्र संच आला, ज्याला केबलची तार थेट जोडलेली होती. ज्या ज्या घरी अशी काळी पेटी आहे, त्या त्या घरी चालणारा दुसरा संच असतोच. पाहुणे हळूहळू दिवाणखान्यातून उठून स्वयंपाकघरात जाऊ लागतात आणि यजमानांना त्याचा पत्ताही नसतो.

पेटीच्या पंख्याच्या आवाजाबद्दल मी एकदा विचारले असता दप्तरदार म्हणाले, "बदलून बदलून आता पांढरी चारवर आणलाय, स्त्रीगायिकांचं गाणं असलं की तक्रार राहत नाही."

पुढे सरकारने केबलचे अंकीकरण सक्तीचे केले. मुंबईस ३१ ऑक्टोबर २०१२ आणि पुण्यास ३१ मार्च २०१३ अशी मुदत होती. त्या तारखांनंतर तारेतून येणारे चित्र कुलूपबंद झाले व त्याची किल्ली केबलवाल्याने दिलेल्या सेट-टॉप बॉक्सच्या पोटात गेली. ट्यूनर कार्डास आता त्या डब्याच्या पाठीवरून निघणारे उष्टे चित्र घेण्याखेरीज गत्यंतर उरले नाही. शिवाय डब्यावर वाहिनी बदलणार कोण? त्यासाठी दप्तरदारांनी पेटीला एक लांब वायर जोडून तिच्या टोकाशी शेंगदाण्याएवढा अवरक्त दिवा बसविला आणि तो डब्याच्या डोळ्यावर काळ्या चिकटपट्टीने डकविला, जेणेकरून पेटीने मनुष्याच्या रिमोटची नक्कल करून डब्यास हुकूम सोडावा. हुकूम तीन आकड्यांचा असे. चिकटपट्टी उन्हाळ्यात सैल पडे, केर काढणाऱ्या मावशींच्या फडक्याने दिवा किंचित सरके, आणि तीनपैकी मधला आकडा डब्यास ऐकूच जात नसे. एका थोर गायकाच्या स्मृतिदिनाची मैफल टिपण्यास सोडलेली पेटी अशा रीतीने दुसऱ्याच वाहिनीवर जाऊन बसली आणि तिने एका जोतिषाने अभिमंत्रित रुद्राक्ष विकण्याचा दीड तासांचा कार्यक्रम इमानेइतबारे टिपून ठेवला. त्या मुद्रणाचे नाव फाइलीत आजही 'राग मारवा' असेच आहे. दप्तरदार ते पुसत नाहीत, कारण नोंद झालेला कागद दप्तरातून काढावयाचा नसतो.

दोनच वर्षांनी, २०१५ मध्ये, मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या विंडोजमधून कार्यक्रम टिपणारे मीडिया सेंटर काढून टाकले तेव्हा त्यावर विसंबलेले त्यांचे अनेक समव्यवसायी उघड्यावर पडले. दप्तरदारांनी त्या प्रसंगी जे स्मित केले ते मी पाहिले आहे. केबलवाल्याच्या डब्याशीही त्यांनी शेवटी फारकत घेतली, आणि गच्चीवर एक तबकडी ठोकून दूरदर्शनच्या विनामूल्य उपग्रहसेवेतल्या बिनकुलपी वाहिन्या नव्या कार्डाने थेट उतरवून घेण्यास आरंभ केला. तेथे ना चिकटपट्टी, ना मधला आकडा.

आणि मग २८ मार्च २०२० पासून, सारा देश घरात कोंडलेला असता, दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा लावले. सकाळी नऊला एक भाग, रात्री नऊला दुसरा. आमच्या दारावरून जाताना, मुखपट्टीआडूनही दिसेल असे तेज दप्तरदारांच्या मुद्रेवर होते. यूपीएसच्या बॅटऱ्या नव्या होत्या, डिस्का दोन होत्या, एक बिघडली तरी दुसरीवर तीच नोंद व्हावी अशी तजवीज होती. लंकादहनाचा भाग लागला तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातल्या संचासमोर हात जोडून बसल्या होत्या. दप्तरदार दिवाणखान्यात पेटीच्या मागल्या अंगास उकिडवे बसून, डिस्कवर तळहात ठेवून ती कितपत तापली आहे हे पाहत होते. "अहो, शेपूट पेटली!" अशी आतून हाक आली. "पेटू दे, लिहिलं जातंय," असे ते तेथूनच म्हणाले. तो भाग त्यांनी अद्याप पाहिलेला नाही. लोणचे मुरण्यासाठी असते तसे मुद्रण असण्यासाठी असते, असे काहीसे त्यांचे धोरण आहे, आणि बरणी उघडण्याची घाई इतरांनी करावी.

इतरांत मुख्यतः न्यू जर्सीत राहणारा त्यांचा मुलगा येतो. त्याला तिकडे बसून ही मुद्रणे पाहता यावीत म्हणून दप्तरदारांनी पेटीस प्रक्षेपणाचेही अधिकार दिले. पण इंटरनेट पुरविणाऱ्याने साऱ्या पेठेला मिळून बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता दिला असल्याने मुलाची मागणी घरापर्यंत पोहोचेना. अर्जविनंत्या होऊन, दरमहा जादा शुल्क भरून, स्वतःचा पत्ता मिळाला. आता मुलगा तिकडे रात्री नऊला जेवण आटोपून कार्यक्रम लावतो, तेव्हा पुण्यास सकाळचे साडेसहा किंवा, तिकडच्या हिवाळ्यात, साडेसात झालेले असतात. त्याच्या फोनास मानवेल असे रूपांतर करता करता पेटीच्या प्रोसेसरला घाम फुटतो, पंखा पांढरी चार सोडून तारसप्तकात जातो, आणि पूजेला बसलेल्या वहिनींना कळते की सुनेने आज नाटक लावले आहे.

मागल्या दिवाळीत मुलगा आला असता त्याने मोठ्या अदबीने सुचविले, "बाबा, यातलं बरंचसं यूट्यूबवर आहे."

"आज आहे," दप्तरदार म्हणाले, आणि त्यांनी बीबीसीचा दाखला दिला. त्या संस्थेने जागेच्या आणि फितींच्या काटकसरीपायी १९६० च्या दशकातले आपलेच कार्यक्रम पुसून टाकले. 'डॉक्टर हू' या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग अजून सापडलेले नाहीत, आणि त्या साऱ्यांचा आवाज तेवढा आज ऐकावयास मिळतो तो प्रक्षेपणाच्या वेळी घरोघरी टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या हौशी मंडळींमुळे. आपल्या दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातील कितीतरी फितींवरही पुढे दुसरे काही टिपले गेले. हे सर्व ते आवाज न चढविता सांगत होते, आणि मुलाला, व खरे म्हणजे मलाही, त्यावर उत्तर सुचले नाही. त्याच आठवड्यात त्यांनी आठ टेराबाइटची आणखी एक डिस्क मागविली.

एवढ्या ऐवजाची एक प्रत दुसऱ्या वास्तूत असावी, असा या लोकांचा दंडक आहे. घरास आग लागली अथवा चोरी झाली तरी दप्तर शाबूत राहिले पाहिजे. म्हणून परवा रात्री दप्तरदार आमच्याकडे आले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, ओल शोषून घेणाऱ्या पुड्यांसह, फडक्यात गुंडाळलेली डिस्क होती. "तुमच्या लोखंडी कपाटात वरचा कप्पा रिकामाच असतो," असे ते म्हणाले. ही माहिती त्यांना कोठून मिळाली ते मी विचारले नाही. डबा ठेवून घेतल्यावर त्यांनी खिशातून दुप्रतीत लिहिलेली पोचपावती काढली, मी सही केली, आणि ते निघता निघता दारातून परत आले, कारण सहीखाली तारीख घालावयाची राहिली होती.