आहे त्यावरच बसवू

बापूंना नवी वस्तू घेण्याचं वावडं नाही. वावडं आहे ते नव्या वस्तूबरोबर नवी बैठक घेण्याचं. टीव्ही नवा आणतील, पण तो भिंतीवरच्या जुन्याच ब्रॅकेटवर चढला पाहिजे. मिक्सर नवा, भांडी जुनी. फोन बदलला तेव्हा जुन्या फोनचं कव्हर कॅमेऱ्यापुरतं कापून त्यांनी नव्यावर चढवलं. ते बसलं. फक्त समोरच्याचा आवाज कव्हरच्या आत राहू लागला. ‘आहे त्यावरच बसवू’ हे बापूंचं वाक्य कुठल्याही खरेदीच्या पावतीखाली सहीसारखं येतं.

यात कंजुषी नाही, हे आधीच सांगून टाकतो. बापू हॉटेलचं बिल कुणाला देऊ देत नाहीत. आपल्याकडे शिवणयंत्र मोडीत गेलं तरी त्याचा बिडाचा सांगाडा कुणी टाकत नाही, वर फळी ठोकून त्याचं टेबल करतात. बापू त्या घराण्यातले. फरक इतकाच की असल्या माणसाला सांगलीत गॅलरीचा कोपरा मिळतो आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये दोन गाड्यांचं गॅरेज. तिथे ती वृत्ती ऐसपैस वाढते.

त्यांच्या चरित्रातही एक मेख आहे. वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल झाले, आणि वायटूकेच्या लाटेत अमेरिकेला आले ते थेट एका बँकेच्या संगणकापुढे. काम काय, तर कोबोलच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये जिथे सालाला दोनच आकड्यांची जागा आहे तिथे चार आकडे बसवायचे. प्रोग्रॅम बदलायचा नाही. आहे त्यावरच बसवायचं. ते त्यांनी इतकं चोख केलं की बँकेने पुढे त्यांना सोडलंच नाही. पण लेथ, ड्रिल आणि कानस सुटली ती सुटलीच. मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयुष्यभर कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाच्या हातात शनिवारी सकाळी जे शिवशिवतं, त्यासाठी अमेरिकेत हार्डवेअरची भलीमोठी दुकानं सकाळी सहालाच उघडतात.

तर मायटर सॉ. वरून खाली येऊन फळी हव्या त्या कोनात कापणारी ही विजेची करवत. १९६४ साली रॉकवेल कंपनीने पहिली काढली, हे बापू कुणालाही न विचारता सांगतात. त्यांच्याकडची जुनी होती दहा इंची पात्याची. एका उन्हाळ्यात तिच्या मोटारीतून धूर निघाला. ती गेली, पण घडीचं स्टँड राहिलं. दोन चाकं, अ‍ॅल्युमिनियमचा आडवा दांडा, दोन्ही बाजूंना बाहेर ओढायचे हात, हातांच्या टोकाला रूळ. स्टँड चांगलं आहे, असं बापू इतक्या वेळा म्हणाले की वहिनींनी शेवटी विचारलं, ‘‘मग वर काय ठेवायचंय?’’

कारणही होतं. मंडळाच्या गणपतीचं मखर यंदा बापूंकडे होतं, आणि चौकट म्हटली की पंचेचाळीस अंशांचे सांधे आले. जूनमध्ये फादर्स डेच्या सेलमध्ये बारा इंची, मागे-पुढे सरकणारी नवी करवत घरी आली. दुकानातल्या एप्रनवाल्या पोराने, या मॉडेलचं स्टँडही आज स्वस्त आहे, असं सुचवून पाहिलं. बापूंनी त्याच्याकडे पाहिलं ती नजर मी ओळखतो. आमच्या लग्नात बँडवाल्याने ‘घोडापण लावू का?’ विचारलं तेव्हा माझ्या वडिलांची तीच होती.

माझा या कहाणीतला हुद्दा टेपचं दुसरं टोक धरणारा. बापूंच्या प्रत्येक प्रकल्पात असा एक माणूस लागतो. त्याला काही कळण्याची गरज नसते, ‘धरलंस?’ला ‘धरलं’ म्हणता आलं की पुरे.

पहिली अडचण भोकांची. मायटर सॉच्या चार पायांना चार भोकं असतात, आणि ती किती अंतरावर असावीत याबद्दल कुठल्या दोन कंपन्यांचं एकमत मी तरी पाहिलेलं नाही. नवी करवत ठेवली तेव्हा पुढची दोन भोकं ब्रॅकेटच्या खाचेत आली आणि मागची दोन हवेत. बापूंचा चेहरा उजळला. सगळी जुळली असती तर दुपार फुकट गेली असती.

करवतीच्या बैठकीला हात लावायचा नाही, वॉरंटी जाते. भोक पाडायचं ते स्टँडच्या ब्रॅकेटला. हा त्यांचा नियम बरोबरच होता. आधी पंच मारून खळगा, मग बारीक ड्रिल, मग मोठं, मध्ये तेलाचा थेंब, शेवटी कानशीने कड मारलेली. एवढं सुबक भोक मी सरकारी पुलावरही पाहिलेलं नाही. मग बोल्ट आला. स्टँड मिलिमीटरवालं, दुकानातला बोल्ट इंचवाला. पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आठ मिलिमीटरच्या बोल्टाशेजारी ठेवला तर सख्खे भाऊ. पण आटे वेगळे. एकाचा आटा १.२५ मिलिमीटरला, दुसऱ्याचे इंचात अठरा. नट दोन फेरे लाडात चढतो आणि तिसऱ्याला रुसतो. यावर दुकानात परत जाणं आलं, आणि बापू दुकानात एका बोल्टासाठी गेले की दीड तासाने तीन प्रकारचे वायसर, नायलॉकचे नट आणि ‘असू दे, लागेल’ या सदरातलं काहीतरी घेऊन येतात.

करवत बसली. मग कळलं की ती चार सूत उंच बसली.

सुताचं मोजमाप तात्यांनी आणलं. तात्या म्हणजे वहिनींचे वडील, किर्लोस्करवाडीला पॅटर्न शॉपमधून निवृत्त झालेले. ओतकामाच्या लाकडी साच्यांत त्यांची हयात गेली. सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेले, डोक्यावर टोपी, गॅरेजच्या दारात घडीच्या खुर्चीवर. भारताने १९५६ साली कायदा करून मेट्रिक मापं आणली, पण सुतारकामात इंचाचे आठ सूत अजून चालतात. अमेरिकेत आल्यावर सासरेबुवांना परकं न वाटलेलं एकच यंत्र म्हणजे बापूंचा टेप. इंच, आणि त्यात आठ घरं. ‘‘जावईबापू, या देशात सगळं आपल्यासारखंच हाय की,’’ ते म्हणाले. दोन-बाय-चारची म्हणून विकतात ती लाकडी पट्टी प्रत्यक्षात दीड-बाय-साडेतीन भरते, हे कळल्यावर तर त्यांची खात्रीच पटली.

चार सूत म्हणजे अर्धा इंच, आणि हा अर्धा इंच क्षुल्लक नाही. करवतीचं टेबल आणि बाजूच्या हातांवरचे रूळ एका पातळीत नसले तर लांब फळीचं टोक खाली झुकतं, टेबलावर ती कडेलाच टेकते, आणि काप सरळ येत नाही. म्हणून हात उंच करायचे. ते उंच करायचा स्क्रू तीन सुतांनंतर संपला. म्हणून रुळाखाली प्लायचे तुकडे. अर्ध्या इंचाचा प्लाय अमेरिकेत अर्ध्या इंचाला बत्तिसावा हिस्सा कमी भरतो, म्हणून त्यावर पत्र्याची चकती. मग उजवा हात डाव्यापेक्षा केसभर वर. मग डाव्याखाली पुठ्ठा. एका शनिवारी मी टेप धरून उभा असताना बापूंनी सबंध स्टँड तीन वेळा पाणसळीत आणलं आणि तिन्ही वेळा गॅरेजची फरशीच उताराची असल्याचं सिद्ध केलं. ती असतेच, पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून.

बोल्ट आवळण्यातही गंमत आहे. बैठक ओतीव असते, आणि चार पायांपैकी एखादा अधांतरी असताना नट कचकचून पिळला तर ती बैठकच मुरडते आणि काटकोन बिघडतो. ज्याला हे ठाऊक नाही तो आवळून मोकळा होतो. बापूंना ठाऊक होतं. म्हणून ते पाव फेरा आवळत, गुण्या लावत, पाव फेरा सोडत. अति ज्ञानामुळे माणसाची शनिवार-रविवारची सुट्टी जाते ती अशी.

सरकत्या करवतीचे दांडे मागे निघतात, तेव्हा स्टँड भिंतीपाशी राहीना. ते गॅरेजच्या मधोमध आलं आणि वहिनींची गाडी रस्त्यावर गेली. वर ही करवत जुनीच्या जवळजवळ दुप्पट जड. डोकं मागे सरकवलं की पुढचे पाय जमीन सोडायला बघत. बापूंनी गुरुत्वमध्याचं गणित पाकिटाच्या पाठीवर मांडलं, पुढच्या दांड्याला हुक लावला आणि त्याला कणकेची वीस पाउंडी पिशवी टांगली. वजन अचूक होतं. घरात कणीक तेवढीच होती, ही बाब गणितात नव्हती. वहिनी रोज संध्याकाळी परात घेऊन गॅरेजात येत, आणि स्टँड रोज थोडं मागे कलत असे. ‘‘आज आठाच्या वर चपात्या लाटू नकोस, ट्रायल आहे,’’ हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. वहिनींनी त्या दिवशी भात केला. संसार टिकतो तो कुणाच्या जिवावर, हे अशा वेळी उघड दिसतं.

खर्चाचा विषय मी एकदाच काढला. नव्या स्टँडची किंमत बोल्ट, ड्रिल, प्लाय आणि पत्र्यात कधीच वसूल झाली होती. बापूंनी शांतपणे माझ्या हातून टेपचं टोक काढून घेतलं. म्हणाले, ‘‘पैशाचा प्रश्न नाहीये. ते स्टँड काय वाईट आहे का?’’ या प्रश्नाला उत्तर नसतं. स्टँड खरंच वाईट नव्हतं.

श्रावण संपत आला आणि ट्रायल सुरू झाली. करवत काटकोनात कापते की नाही हे बघायची जुनी, नामी रीत आहे. फळी उभ्या कडेवर ठेवून कापायची, एक तुकडा उलटा करायचा, दोन्ही कापलेली टोकं एकमेकांना भिडवायची. फट दिसली तर चूक तिच्या निम्मी. बापूंना ही फट दिसायची. आम्हाला नाही. ते पुठ्ठा बदलायचे आणि पुन्हा कापायचे. फळ्या अर्थातच मखराच्या. प्रत्येक कापात पात्याच्या जाडीइतकं, म्हणजे जेमतेम सूतभर लाकूड भुश्यात जातं, पण तुकडे वीतभर पडत होते. अडीच फुटांचं योजलेलं मखर दोनावर आलं. मूर्ती होती एक फुटाची. ‘‘अजून दोन ट्रायल झाल्या तर गणपतीला वाकून बसावं लागंल,’’ तात्या म्हणाले, आणि उरलेल्या फळ्या उचलून मागच्या डेकवर गेले.

तिथे त्यांनी मांडी घातली, फळी पायाच्या टाचेखाली दाबली. नव्या स्टँडच्या सवलतीचं जाहिरातपत्रक टपालात आलं होतं, त्याचा कोपरा कडेवर दुमडला. काटकोनाचा निम्मा, पंचेचाळीस. त्यावरून पेन्सिलीची रेघ. गॅरेजच्या भिंतीवर शोभेला टांगलेली हातकरवत त्यांच्या हातात दोन दिवस चालली आणि मखर उभं राहिलं. सांध्यांत नख शिरत नव्हतं.

मला वाटलं, बापू खट्टू होतील. बापू डेकवर आले, सांध्यांवरून बोट फिरवलं, मनापासून ‘‘वा!’’ म्हणाले, आणि खाली वाकून तात्यांच्या पायाशी पडलेले कापलेले त्रिकोणी तुकडे गोळा करू लागले. ‘‘हे टाकू नका हं. पाचरीला होतील.’’

गणपती बसले त्या संध्याकाळी घर भरलं होतं. बायका मखरापाशी, आणि पुरुष एकेक करून गॅरेजात, कारण बापू दारात उभं राहून त्यांना आत ओढत होते. करवत झळकत होती, स्टँड पाणसळीत होतं, कणकेच्या जागी आता मापून भरलेली वाळूची पिशवी होती. कुणीतरी विचारलं, ‘‘हिच्यावर काय काय केलंत?’’

बापूंनी अभिमानाने करवतीच्या पायाखाली बोट दाखवलं. ‘‘ह्या चार चकत्या दिसतात ना? ह्या हिच्यावरच कापल्या.’’

सगळ्यांनी वाकून चकत्या पाहिल्या. एकजण म्हणाला, आपली जुनी ट्रेडमिल बंद पडली आहे, पण फ्रेम काय मजबूत आहे म्हणता! वहिनींनी आरतीला म्हणून दोनदा हाक मारली. टाळ वाजायला लागले तरी बापू त्या गृहस्थांना फ्रेमची रुंदी विचारत होते, तीही सुतात, आणि टेप शोधायला मला पाठवलं होतं.