अर्जदाराने सोबत एक शोध जोडावा

राज्यातील सुशिक्षित बेकारीवरचा उपाय अखेर सापडला असून तो मंत्रालयातील एका विभागाच्या पाटीवरच लिहून ठेवलेला आहे, ही आनंदवार्ता कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील तरुणांपर्यंत अद्याप पोहोचलेली दिसत नाही. नाहीतर पहाटेच्या कर्जत लोकलच्या दाराशी लोंबकळत दोन तासांवरच्या मुंबईकडे पोटामागे धावण्याचे कारण त्यांना उरते ना. पूर्वी या कामासाठी सेवायोजन कार्यालय नावाचे एक अगदीच साधेसुधे दफ्तर असे. तेथे मॅट्रिक झालेला मुलगा नाव नोंदवी, एक कार्ड घेई, ठरल्या मुदतीत त्याचे नूतनीकरण करी आणि सरकारी नोकरीची वयोमर्यादा उलटेपर्यंत मुलाखतीच्या पत्राची वाट पाही. या दफ्तरात एक मोठा दोष होता : बेकार मनुष्यास काम हवे असते, अशी त्याची भाबडी समजूत होती. आता पाटीवर कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता अशी चार नावे झळकतात, आणि त्यांत दोन भारदस्त शब्दांच्या मध्ये रोजगार अंग चोरून बसलेला आहे.

नव्या युगाचे सूत्र असे की, तरुणांनी नोकरी मागणारे न होता नोकरी देणारे व्हावे. सर्वच जण देणारे झाल्यावर घेणारा कोठून पैदा करावयाचा, अशी शंका काही नतद्रष्ट लोक काढतात. परंतु शंका काढणे हा उद्योजकतेस मारक असा स्वभावदोष असल्यामुळे तिचा येथे विचार करण्याचे कारण नाही. सरकार या बाबतीत केवळ बोलून थांबलेले नाही. 2018 साली त्याने नवउद्योगांचे धोरण ठरवले, त्याच्या अंमलबजावणीस नावीन्यता सोसायटी उभी केली, आणि 2022 साली तर स्टार्टअप यात्रा काढून, पहाटे वासुदेव दान मागत दारोदार फिरावा तसे कल्पनांचे दान मागत आपले वाहन गावोगाव फिरवले. 2025 साली पुन्हा नवे धोरण आले. बेकारी जुनीच राहिली तरी धोरण शिळे होऊ द्यावयाचे नाही, हा निग्रह खरोखर प्रशंसनीय आहे.

या विषयावरील एका मार्गदर्शन शिबिराचा लाभ आम्हांसही घडला. स्थळ आणि आयोजक यांची नावे सांगण्यात स्वारस्य नाही, कारण अशी शिबिरे सर्वत्र सारखीच असतात. पुण्याहून आलेल्या व्याख्यात्यांनी परदेशातील थोर कंपन्या गॅरेजमध्ये कशा जन्मास आल्या याची कथा रंगवून सांगितली. श्रोत्यांपैकी दोघेतिघे खरोखरच चौक फाट्यावरच्या गॅरेजात मोटारसायकलींचे पंक्चर काढणारे असल्यामुळे त्यांना ती विशेष आवडली. मध्यंतरी वीज गेली. खिडकीतून सह्याद्रीचा कडा स्पष्ट दिसू लागला. मग प्रत्येकास एक कोरा कागद देऊन, आपल्या गावातील एक समस्या लिहा आणि तिच्यावर उपाय शोधा, असा हुकूम झाला. आमच्या शेजारच्या फिटरने, म्हणजे आयटीआयचे प्रमाणपत्र असलेल्या एका चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाने, पेन्सिलीने लिहिले : ‘मी कंपनीत ठेकेदाराकडून लागतो. सात महिने झाले की ब्रेक देतात. मग पुन्हा नवीन म्हणून घेतात. उपाय : ब्रेक देऊ नये.’ व्याख्यात्यांनी कागद हाती घेतला, सहानुभूतीने वाचला आणि ‘यात नावीन्य नाही’ असा शेरा देऊन परत केला.

वास्तविक नावीन्याची या भूमीस टंचाई कधीच नव्हती. 1863 साली बोरघाटातून आगगाडी वर गेली, तेव्हा 37 फुटांमागे एक फूट असा तो चढ एका इंजिनाच्या आवाक्याबाहेरचा असल्याने गाडीस कर्जतला मागून जादा इंजिने लावण्याचा प्रघात पडला. त्यांस आजही बँकर म्हणतात, आणि कर्ज देणाऱ्या बँकरांपेक्षा तरुणांस त्यांचाच उपयोग अधिक झालेला आहे. कारण ती इंजिने जोडली जाईपर्यंत गाडीस थांबावे लागते, गाडी थांबली की उतारूस भूक लागते, आणि त्या भुकेवर दिवाडकरांच्या वड्यापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत कर्जतच्या फलाटावरचा सारा व्यापार उभा राहिलेला आहे. कोणत्याही धोरणाच्या परिशिष्टात नसलेला हा उद्योग डोंगराच्या चढाने दिला. आता 2023 साली आलेली सोलापूरची वंदे भारत बँकर न लावता घाट चढते आणि कर्जतला थांबतही नाही. याला तंत्रज्ञानाची प्रगती म्हणतात. सगळ्याच गाड्या इतक्या प्रगत झाल्या, म्हणजे वडेवाल्यांसाठीही एक शिबिर घ्यावे लागेल.

पुढचा शोध त्याहून तेजस्वी. लोणावळ्याच्या पठारावर धरणे बांधून सुमारे 500 मीटर खाली खोपोलीस पाणी सोडावे आणि त्यावर वीज करावी, ही टाटांची योजना 1915 साली फळास आली. 1922 साली तिकडे कर्जतच्या बाजूस भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. वीज तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांकडे गेली, आणि तिच्या मागोमाग येथला तरुणही गिरण्यांकडे गेला. चक्रे फिरवून दमलेले पाणी मात्र येथेच राहिले. भिवपुरीच्या पाण्यावर राजनाल्याच्या काठचा शेतकरी उन्हाळी भात काढू लागला, तर खोपोलीचे पाणी पाताळगंगेस मिळून रसायनीपर्यंतच्या कारखान्यांस पुरले. त्यांतला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा रसायनीचा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2017 साली घेतला. तेथील कामगारांच्या मुलांस आज आपण नावीन्याची महती सांगतो, आणि ती मुले ऐकून घेतात. कर्जत-खालापूरची माणसे मुळातच सोशिक.

कोणी म्हणेल, ही सारी परक्यांची कर्तबगारी झाली, येथल्या मातीतला शोध दाखवा. तोही आहे. नेरळजवळ मालेगावी सगुणा बाग करणाऱ्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची अशी पद्धत सिद्ध केली की नांगरट नको, चिखलणी नको, लावणी नको. एकदा गादीवाफे करावेत, लोखंडी साचा दाबून समान अंतरावर भोके पाडावीत, त्यांत बी टोकावे, आणि कापणीनंतर मुळे तशीच जमिनीत राहू द्यावीत. शेतकऱ्याची कंबर वाचते, पैसा वाचतो, माती सुधारते. आमचा या शोधास मनःपूर्वक नमस्कार आहे. फक्त नावीन्यातून रोजगार वाढतो असे सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, तालुक्यातील या अस्सल शोधाचा पहिला गुण माणसे कमी लागतात हाच आहे. आणि तो गुण ठरतो, कारण लावणीस मजूर मिळत नाहीत. ज्या पारावर बाप ‘माणूस मिळत नाही’ म्हणून कपाळास हात लावतो, त्याच पारावर मुलगा ‘काम मिळत नाही’ म्हणून मोबाइलकडे पाहत बसलेला असतो, आणि दोघेही खोटे बोलत नसतात. चार दिवसांची लावणी हे काम खरे, पण त्यावर वर्ष काढता येत नाही. कातकरी तर कधीचाच उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेला आहे; त्यास कोणी नावीन्याचे व्याख्यान देत नाही, एवढे एकच सुख त्याच्या वाट्यास आले.

माथेरानचीही हकिगत पाहण्यासारखी आहे. दिल्लीच्या गल्लीबोळांत एव्हाना जुनी झालेली ई-रिक्षा कर्जत तालुक्यातील या गिरिस्थानी चढवण्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले. मोटारींस बंदी असलेल्या त्या गावात माणूस माणसास हातरिक्षेत बसवून लाल मातीच्या चढावर ओढीत होता, आणि ही ओढाताण त्याच्या उपजीविकेच्या नावाखाली चालली होती. 2022 च्या डिसेंबरात सात ई-रिक्षांचा प्रयोग झाला. पर्यावरण, परंपरा, घोडेवाल्यांचा धंदा अशा सर्व बाजूंनी हरकती आल्या. आणि 2025 च्या ऑगस्टात न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांस ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. म्हणजे येथे शोध तयार होता, तो वापरू इच्छिणारा गरीबही तयार होता. नव्हती ती परवानगी. शिबिरात हा धडा का शिकवीत नाहीत, कोण जाणे.

टीका पुष्कळ झाली. सरकारास काही विधायक सुचवणे हे आमचे कर्तव्य आहे. आमची नम्र सूचना अशी की, यापुढे बेकार म्हणून नोंद होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक अर्जदाराकडून अर्जासोबत एक शोध, तीन प्रतींत, साक्षांकित करून घ्यावा. शोध स्वतःचाच असल्याबद्दल तलाठ्याचा दाखला असावा, तो पूर्वी कोणी लावलेला नसल्याबद्दल प्रतिज्ञापत्र असावे, आणि शोधकर्ता कर्जास पात्र ठरण्यासाठी त्याने सातबारा तारण ठेवावा. सातबाऱ्यावरील नाव मुंबईच्या फार्महाऊसवाल्याचे निघाले आणि अर्जदार त्याच फार्महाऊसच्या फाटकावर रात्रपाळीस असला, तर त्याची दरखास्त नामंजूर करण्यापूर्वी, फाटक आपोआप उघडण्याचा शोध लावण्याची संधी त्यास अवश्य द्यावी. त्या शोधाने त्याची ती नोकरीही जाईल, आणि तो पूर्णवेळ उद्योजक होण्यास मोकळा होईल.

सरकारी कल्पकतेस कमी लेखण्याचा आमचा मुळीच उद्देश नाही. 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाच घ्या. बारावीस 6,000, आयटीआय व पदविकेस 8,000, पदवीधरास 10,000 रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने. मुदत संपताच मुलांनी ‘आता पुढे काय’ असे विचारले, तेव्हा ती अकरा महिने करण्यात आली. प्रश्नाचे उत्तर पाच महिन्यांनी लांबवण्याचा हा शोध पेटंटास पात्र आहे.

परंतु महाराष्ट्राने बेकारीवर एक खराखुरा शोध पूर्वीच लावलेला आहे, आणि तो लावणारे वि. स. पागे कोणत्याही गॅरेजात बसलेले नव्हते. ते विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यात आधी करून पाहिलेली रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. तिच्यासाठी 1975 पासून व्यवसायकर बसवण्यात आला. नोकरदार वाचकांच्या पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 असे वर्षाचे 2,500 रुपये कापले जातात, ते हेच. काम मागणारा दोषी नाही, काम न देणारा जाब देण्यास बांधील आहे, एवढीच त्या शोधातील यंत्ररचना होती. आमच्या फिटरने खड्डे खणावेत असे आम्ही म्हणत नाही. पण जाब कोणी कोणास द्यावयाचा, हे पागे यांनी ठरवून दिलेले होते, आणि शिबिरांनी ते नेमके उलटे केले.

म्हणून कर्जत-खालापूरच्या तरुणांस एवढीच विनंती : पुढील शिबिरात कोरा कागद हाती आला की त्यावर कल्पना लिहू नये, रोजगार हमीच्या कामाच्या मागणीचा नमुना 4 भरून ग्रामपंचायतीत द्यावा आणि तारखेसह पोच मागून घ्यावी. काम देण्याची पंधरा दिवसांची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.