होळकरांची एफडी

इंदूरला समुद्र नाही. तो बघायचा तर अवंतिका एक्सप्रेस पकडून मुंबई गाठावी लागते. तरीही गेल्या रविवारी रामबागेतल्या आमच्या अण्णांनी पोह्याची प्लेट हातात आल्याआल्या, वर शेव पडायचीही वाट न बघता विचारलं, "काय रे भाऊ, हे ऑफशोअर खातं म्हणतात, त्यात पैसे सुरक्षित असतात का?"

अण्णा वीज मंडळातून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. त्यांची विदेशी मालमत्ता म्हणजे जावयाने दुबईहून आणलेली खजुराची दोन खोकी, त्यातलं एक संपलेलं. प्रश्नाचा उगम विजयनगरच्या एका हॉटेलात होता. तिथे ज्येष्ठ नागरिकांसाठी जागतिक गुंतवणुकीवर व्याख्यान झालं, पुढे जेवण फुकट. टाय लावलेल्या पोराने पडद्यावर नारळाची झाडं आणि निळंशार पाणी दाखवलं आणि सांगितलं की इथली बँक कधीही बुडू शकते, बेटावरची बुडत नाही. बेटच बुडालं तर काय, हे विचारायच्या आत गुलाबजाम आले.

अशा पोरांची इंदुरात वानवा नाही. शेअरबाजाराचा 'खात्रीचा' सल्ला फोनवरून विकणाऱ्या कंपन्यांचं हे माहेरघर. सेबीच्या आदेशांत आमच्या गावचा पत्ता इतक्यांदा छापून येतो की स्वच्छतेतल्या पहिल्या नंबरानंतर आमची देशात ओळख तीच.

मी म्हटलं, "अण्णा, परक्याकडे ठेव ठेवण्याचा अनुभव इंदूरइतका कुणाला आहे? त्या टायवाल्याला आपल्याकडेच शिकवणी लावायला हवी."

दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 साली इंग्रज सरकारला खंडवा ते इंदूर रेल्वेसाठी एक कोटी रुपये दिले. मुदत 101 वर्षं, व्याज साडेचार टक्के. म्हणजे वर्षाला साडेचार लाख, बसल्या जागी. मुंडासं घातलेला ठेवीदार आणि टोपी घातलेली बँक. पुढे रेल्वेचं पहिलं इंजिन इंदुरात आणताना ते ओढायला हत्ती लावले होते, असं जुनी माणसं सांगतात. कर्ज आपलं, हत्तीही आपलेच.

आता अण्णांसारखा हिशेब करा. 1870 अधिक 101, म्हणजे एफडी पिकणार 1971 साली. बँक 1947 सालीच शटर ओढून बोटीत बसली. मुदतीला 24 वर्षं बाकी असताना गाशा गुंडाळणाऱ्या बँकेला आज आपण काय म्हणतो ते वर्तमानपत्रात छापत नाहीत. त्या ठेवीतला डोळ्याला दिसणारा एक तुकडा मात्र शिल्लक आहे. पातालपाणी ते कालाकुंड घाटात 2018 च्या डिसेंबरात हेरिटेज गाडी सुरू झाली. तिकीट काढून होळकरांच्या मुद्दलात बसता येतं आणि खिडकीतून धबधबा दिसतो. पावसाळ्यात गेलात तर. उन्हाळ्यात मुद्दल कोरडं असतं.

"पण इंग्रज गेले तरी आपलं सरकार होतं ना?" अण्णा.

होतं की. संस्थान विलीन झालं तेव्हा त्या सरकारने इंदूरच्या महाराजांना वर्षाला पंधरा लाखांचा तनखा लिहून दिला. लिहून दिला बरं का, संविधानाच्या आधाराने. तो रद्द झाला 1971 साली, सव्विसाव्या घटनादुरुस्तीने. एफडी पिकायचं ते हेच साल! पुढे विदेशातला काळा पैसा परत आणला तर माणशी पंधरा लाख होतील असा हिशेब एका निवडणुकीत ऐकू आला, आणि 2015 साली तो 'जुमला' होता असं सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षांनीच सांगितलं. तेव्हा पंधरा लाख या आकड्यावर इंदूरकराने दोनदा पाणी सोडलेलं आहे. तिसऱ्यांदा कुणी हा आकडा काढला तर पोह्याचे पैसे आधी मागून घ्यावेत.

तनखा मिळालेल्या त्याच महाराजांनी, यशवंतराव होळकरांनी, त्याआधी परदेशी पैसा उलट्या दिशेने फिरवला होता. इकडचा तिकडे नेण्याऐवजी तिकडचं सगळं इकडे आणलं. 1930 च्या दशकात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग हा राजवाडा बांधून घेतला. फर्निचर युरोपचं, दिवे युरोपचे. महाराजांनंतर त्यातलं बरंच सामान 1980 साली विकलं गेलं आणि लिलाव कुठे झाला? मोनॅकोत, जिथे रहिवाशांना प्राप्तिकर नाही. राहिली रिकामी वास्तू. तिथे आज केंद्रीय उत्पादन शुल्क आणि सीमाशुल्क खात्याची कचेरी आहे. समुद्र नसलेल्या गावात कस्टमवाले राजवाड्यात राहतात. विदेशी मालाचा शेवटचा ताबा कुणाकडे जातो, हे इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्याही इमारतीवर लिहिलेलं नसेल.

अण्णांना इतिहास पुरे झाला होता. "स्वित्झर्लंडचं बोल."

स्वित्झर्लंडचं असं आहे की तिथे ठेव एकदम सुरक्षित. बँक बुडाली तर माणशी एक लाख फ्रँकपर्यंत विमा. क्रेडिट सुईस ही 1856 ची बँक, आपल्या सत्तावनच्या बंडाहून वर्षाने मोठी, ती 2023 च्या मार्चमध्ये कोसळली. शेजारच्या यूबीएसने तिला तीन अब्ज फ्रँकला उचललं. त्यात सुमारे सोळा अब्ज फ्रँकचे रोखे शून्य झाले, पण ठेवीदाराचा रुपयाही गेला नाही. सगळ्यांचं नशीब असं नसतं. सायप्रसमध्ये 2013 साली बँक ऑफ सायप्रसने एक लाख युरोच्या वरच्या रकमेतला 47.5 टक्के भाग घेतला आणि त्याच्या बदल्यात त्याच बँकेचे शेअर हातात ठेवले. दूधवाल्याने पैसे घेऊन दुधाऐवजी म्हशीतला हिस्सा द्यावा आणि म्हैस आजारी असावी, तसं.

पण खरी गोम वेगळीच. कायद्याने परदेशात पैसे ठेवायला बंदी नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. फक्त विवरणपत्रात तसं सांगावं लागतं. आणि न सांगता ठेवण्यातच तर गंमत होती! 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्याने ती गंमत घालवली. लपवलेल्या रकमेवर तीस टक्के कर आणि कराच्या तिप्पट दंड. शंभर रुपये लपवले तर एकशेवीस भरायचे, वर दहा वर्षांपर्यंत तुरुंग. त्यात 2019 च्या सप्टेंबरपासून स्वित्झर्लंड भारतीयांच्या खात्यांची माहिती दरवर्षी आपोआप आपल्या सरकारला धाडतं. म्हणजे स्विस बँकेत आज पैसा सुरक्षित आहे, खातेदाराचं काही सांगता येत नाही.

अण्णा थोडे हिरमुसले. "मग आपलीच बँक बरी म्हणायची."

इथे मात्र माझा घास घशात अडकला. आमच्या आईचे पैसे आपल्याच माणसांच्या एका सहकारी बँकेत होते. संचालक ओळखीचे, गणपतीच्या आरतीला तबक धरणारे. एक दिवस शटरवर खळीने चिकटवलेला कागद दिसला. आई महिनाभर रोज तिथे जायची, पासबुक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून. चौकीदार म्हणायचा, "माताजी, कल देखो." व्याजाची शेवटची नोंद अर्धीच छापली गेली होती, प्रिंटरची शाई संपली म्हणून. पुढे पैसे मिळाले, एका मर्यादेपर्यंत. ते मिळेपर्यंत आईचा मोतीबिंदू वाढत राहिला.

ही मर्यादा आली कुठून? 1960 साली केरळची पालई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्या. लक्ष्मी नावाची बँक बुडाल्यावर सरकारला जाग आली आणि 1962 पासून ठेवींचा विमा सुरू झाला, तेव्हा दीड हजार रुपयांचा. 1993 साली तो एक लाख झाला आणि तिथेच 27 वर्षं बसून राहिला. 2019 च्या सप्टेंबरात मुंबईच्या पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना हजार रुपये काढा म्हणून सांगितल्यावर, पुढच्या फेब्रुवारीत तो पाच लाख झाला. आपल्याकडे विम्याचा हप्ता बँक भरते, मर्यादेचा हप्ता बुडालेले ठेवीदार भरतात.

आणि बँकच कशाला? हुकुमचंद मिल गावातच आहे. ती बंद पडली 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला. 4,800 कामगारांच्या थकलेल्या देण्याचा सुमारे 224 कोटींचा धनादेश निघाला 25 डिसेंबर 2023 रोजी. होळकरांची मुदत 101 वर्षांची तरी लिहिलेली होती.

अण्णांनी पोह्यावरची जिरावण चाटली आणि छाती फुगवून सांगितलं, "मी हुशारी केलीय. सगळी अंडी एका टोपलीत नाहीत ठेवली. चार-चार लाख तीन ठिकाणी ठेवलेत, राजवाडा, सुदामानगर आणि विजयनगर."

"तीन बँका?"

"तीन शाखा. बँक एकच. मॅनेजर आपल्या ओळखीचा आहे."

मी त्यांच्या प्लेटमधली जिलबी उचलली. वाचकांपैकी ज्यांचे मॅनेजर ओळखीचे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. पाच लाखांचा विमा माणशी, एका बँकेमागे असतो, शाखेमागे नाही, आणि त्या पाच लाखांत मुद्दलासोबत व्याजही धरतात. आज संध्याकाळी कपाटातल्या पावत्या काढा आणि बेरीज करा.