कंपोस्टकाका

कंपोस्टकाकांना कुत्र्याची फारशी आवड नाही. ओळख वाढली की हे आपल्याला कळतं. बंड्याला तर केव्हाच कळलंय. काकांच्या लेखी हा लॅब्राडोर म्हणजे कच्च्या मालाचा पुरवठादार.

सरकारी नोकरीत बदलीवर जयपूरला यायचं, निवृत्तीनंतर सी-स्कीममध्ये मुलाकडे राहायचं आणि उरलेली शिस्त गल्लीवर खर्च करायची, अशी एक मराठी जात आहे. काका त्यातले. सकाळी ते स्टॅच्यू सर्कलकडे निघतात तेव्हा एका हातात साखळी, दुसऱ्या हातात खुरपं आणि काखेत, बंड्याने केलेलं उचलायला, कालचा हिंदी पेपर. मराठी पेपर ते या कामाला वापरत नाहीत. तो इथे मिळत नाही, हा भाग वेगळा. ‘कंपोस्टेबल’ पिशवी कुणी दाखवलीच, तर चष्मा कपाळावर चढवून ते आधी आयएस १७०८८ हा मानकाचा आकडा शोधतात. तो सापडला तरी समाधान नाही. “ही खताच्या कारखान्यातल्या उष्णतेत विरते हो, रस्त्याकडेला टाकून नाही.”

शेजारचे वयोवृद्ध ठाकूरसाहेब हे रोज गच्चीतून बघतात. एकदा म्हणाले, “पूर्वीचे मराठे यायचे ते आमचं उचलून न्यायला. स्वतःचं उचलून नेणारे तुम्हीच पहिले!” काकांनी हे कौतुक म्हणून घेतलं.

घामाघूम करणारा भाग पुढे असतो. मागच्या अंगणातलं खताचं, झाकणाचं पिंप पाहिल्याशिवाय पाहुण्याला चहा नाही. अलास्कातल्या फेअरबँक्सला गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेचं खत करून पाहिलं, त्यावर अमेरिकेच्या शेती खात्याने २००५ मध्ये पुस्तिका काढली. ती काकांना पाठ आहे. दोन भाग विष्ठा, एक भाग लाकडाचा भुसा, बेताचा ओलावा, अधूनमधून खालीवर. ढीग साठ अंशांच्या वर तापला पाहिजे, तरच जंतू मरतात. भुसा देणाऱ्या सुताराने एकदा कारण विचारलं. काकांनी सविस्तर सांगितलं. तेव्हापासून तो पोतं फाटकाबाहेरच ठेवतो आणि पैसेही घेत नाही.

खत तयार झालं की ते बोगनवेलीला. मी चहाचा कप उचलताना सहज विचारलं, “हा गवती चहा कुठल्या कुंडीतला?” काका दुखावले. “खायच्या झाडाला एक कणही नाही! गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. साठ अंशांवर माझा विश्वास आहे, पण इतका नाही.” हे सगळं चिवड्याची बशी पुढे सरकवत.

त्यांचं खरं दुःख वेगळं आहे. याच जयपुरात हत्तीच्या शेणापासून ‘हाथी छाप’ कागद झाला. वह्या झाल्या, परदेशी गेल्या. हत्ती झाडपाला खातो, न पचलेला धागा शेणात उतरतो, त्याचा लगदा होतो. बंड्या मटणाचा रस्सा भुरकतो. त्याच्याकडून वहीची आशा नाही. मध्यंतरी काकांनी त्याला आठवडाभर दुधीभोपळ्यावर ठेवून पाहिलं. सून मध्ये पडली.

पिंपाला लांब दांड्याचा खास थर्मामीटर आहे. काका तो दिवसातून दोनदा बघतात आणि आकडा वहीत टिपतात. गेल्या थंडीत पारा उतरला, तेव्हा रात्री उठून त्यांनी पिंपाभोवती गोधडी गुंडाळली.

“गोधडी माझी होती,” काकू म्हणाल्या. “आणि मला ताप आला तेव्हा ह्यांनी नुसता कपाळाला हात लावून सांगितलं, काही नाही, झोप.”